डांबर खात्यातली तपासणी

साडेदहा वाजले तरी एकही माणूस आला नव्हता.

डॉक्टर शिराळकर मिरजेहून सकाळी साडेआठलाच स्कूटरवरून आले होते. प्रथमोपचाराच्या खोलीत मी खिडकीपाशी उजेडात टेबल लावलं होतं, आडवा पडदा बांधला होता, हात धुवायला बादली आणि साबण ठेवला होता. बहात्तर माणसांची बहात्तर कार्डं नावांसकट लिहून तयार होती. डॉक्टरांचं गोल भिंग तीन वेळा पुसून झालं होतं.

"सिस्टर, तुमच्याकडे आज सुट्टी तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. खातं चालू आहे. वास येतोय की."

वास तर येतच होता. छतातून पाणी गळू नये म्हणून वर जे काळे डांबरी रोल पसरतात, ते आमच्या कारखान्यात व्हायचे. दगडी कोळशाचं डांबर मोठ्या कढयांमध्ये वितळवायचं, त्यातून जाड कापड ओढून काढायचं, वर रेती पेरायची आणि गुंडाळायचं. त्या धुरात काम करून माणूस उन्हात गेला की तोंडाला मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसांच्या हातांवर, मानेवर, पापण्यांवर चामखिळी उठायच्या. सगळे त्यांना 'डांबराचे मोड' म्हणायचे आणि ब्लेडनं कापून टाकायचे. त्यातली एखादी चामखीळ कॅन्सरची होऊ शकते, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. कारखाने निरीक्षकांचं पत्र आलं, तेव्हा कुठं कंपनीनं कातडीच्या डॉक्टरांना एक दिवस बोलावलं. हे १९९६ च्या मार्चमधलं. मी तिथं दोन वर्षं नर्स होते.

"मी बघून येते," मी म्हणाले आणि खात्यात गेले.

मला बघून माणसं कामात जास्तच गढली. रोल बांधणाऱ्या सहा बायका होत्या, त्यांत अक्काताई पाटोळे सगळ्यांत जुनी. मी तिच्याजवळ उभी राहिले.

"अक्काताई, डॉक्टर कधीचे येऊन बसलेत."

"बसू द्या की. खुर्ची दिलीया न्हवं?"

"नुसतं बघणार आहेत. सुई नाही, काही नाही."

अक्काताईनं दोरीची गाठ मारली, दातानं घट्ट ओढली आणि मग माझ्याकडं बघितलं. "मागच्या बारीला पण नुसतं बघणारच हुते, सिस्टरबाई."

मी नोकरीला लागले त्याच वर्षी कंपनीनं सगळ्यांचे छातीचे फोटो काढले होते. तिघांच्या फोटोत डाग निघाले. रिपोर्टचं पाकीट मी स्वतः वर ऑफिसात नेऊन दिलं होतं. मला वाटलं, आता यांना औषधपाणी मिळेल. आठ दिवसांनी तिघांच्या हातात 'कामास अयोग्य' असं पत्र पडलं. एक माणूस पुढं सहा महिन्यांत गेला. दुसरा इचलकरंजीला यंत्रमागावर लागला. तिसरा शिदगोंडा मगदूम. तो मालगावात कुणाच्या तरी पानमळ्यात कामाला जातो, एवढंच मला माहीत होतं.

"या वेळी तसं होऊ देणार नाही," मी म्हणाले.

"तुमच्या हातात काय हाय वो?" अक्काताई म्हणाली. रागानं नाही, खरोखरच विचारल्यासारखं.

मी तिथूनच जिना चढले.

आमचे पर्सोनेल ऑफिसर घैसास म्हणजे तसा वाईट माणूस नव्हता. मुलांच्या शाळेबद्दल विचारायचा, दिवाळीला स्वतःच्या हातानं पेढे वाटायचा. मी आत गेले तेव्हा ते चहा पीत होते.

"साहेब, कोणी येत नाहीये. त्यांना वाटतं, काही निघालं की काढून टाकतील."

"मग समजवा ना. ते तुमचं काम आहे."

"लेखी द्या. काही निघालं तरी कोणाला काढणार नाही, असं फळ्यावर लावा. सगळे येतील."

घैसासांनी कप बशीत ठेवला. "असं लेखी देता येत नाही, सिस्टर. हेड ऑफिस विचारेल. आणि उद्या खरोखरच एखादा काम करण्यासारखा नसला तर?"

"तर दुसऱ्या कामावर घाला."

"ते आपण नंतर बघू. तुम्ही आधी यादी तर द्या."

'यादी' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पाकीट आलं. तेव्हा त्याच टेबलावर, त्याच कोपऱ्यात मी ते ठेवलं होतं.

मी खाली आले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, छातीच्या फोटोंचंही. मीच ते पाकीट दिलं, हेही. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच, तिशीच्या आतबाहेरचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि कार्डांच्या गठ्ठ्याकडं बोट दाखवलं.

"ही कार्डं कोणाची?" त्यांनी विचारलं.

"कंपनीची."

"का? कातडी तर त्यांची आहे." त्यांनी गठ्ठा उचलला. "प्रत्येकाचं कार्ड मी लिहून त्याच्याच हातात देईन. तो घरी घेऊन जाईल. कॅन्सर निघाला तर कायद्यानं मला निरीक्षकांना कळवावं लागतं. ते मी बंद पाकिटातून सरळ त्यांना कळवीन. तुमच्या साहेबांना फक्त आकडा. किती तपासले, किती जणांना उपचार हवेत. नावं नाहीत."

"ते पैसे देणार नाहीत तुम्हाला."

"नाही तर नाही. तुमचं काय होईल, ते मात्र मला सांगता येत नाही."

"माझं मी बघते," मी म्हणाले.

पुन्हा खात्यात गेले. या वेळी एकेकाजवळ न जाता मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. छातीच्या फोटोंचं पाकीट मी नेलं होतं, हे आधी सांगितलं. मग कार्डांचं सांगितलं.

कोणीच हललं नाही. मग अक्काताईनं पदराला हात पुसले.

"चला. माझ्यापासून सुरू करा. मला घालवलं तर घालवलं. रोल बांधायला दुसरी अक्काताई मिळतीया का बघू दे की त्यांना."

ती गेली, दहा मिनिटांनी बाहेर आली आणि आपलं कार्ड झेंड्यासारखं वर धरून बायकांना दाखवलं. "माझं चकचकीत हाय म्हनं! डाक्टर म्हटला, तोंडाला तेल लावून उन्हात जाऊ नगा. कोन सांगत हुतं का हे आपल्याला?"

त्यानंतर मात्र रांग लागली. माणसं बाह्या वर करून, शर्टाची बटणं काढून उभी राहिली. डॉक्टर पुरुषांना पडद्याआड नेत होते. डांबराच्या धुराचा त्रास कपड्यांच्या आतल्या जागीही होतो, हे ते स्पष्ट सांगत, आणि आधी लाजणारी माणसं नंतर बाहेर येऊन एकमेकांना "खरं सांग जा, लपवू नको" म्हणून ढकलत होती. दीड वाजेपर्यंत एकाहत्तर कार्डं लिहून झाली. आठ जणांच्या चामखिळी काढायला हव्या होत्या. एकाच्या हातावरची गाठ डॉक्टरांना बिलकूल आवडली नाही.

एक कार्ड टेबलावर उरलं. बाबालाल नदाफ, मुकादम.

मी त्याच्यासाठीच सकाळपासून धडपडत होते, हे मी डॉक्टरांना अजून सांगितलं नव्हतं. बाबालाल गेली बावीस वर्षं कढईवर होता. महिन्याभरात दोनदा तो माझ्याकडं मलमपट्टीला आला होता. उजव्या कानाच्या मागच्या कडेला जखम. कडा उचललेल्या, मध्ये खपली, खपली निघाली की रक्त. "दाढी करताना कापलं" म्हणाला होता. कानाच्या मागं दाढी कोण करतं?

डॉक्टरांची पाच वाजता मिरजेत ओपीडी होती. मी त्यांना हात जोडले, "अजून एक तास थांबा," आणि कढईपाशी गेले.

बाबालाल लांब दांड्यानं डांबर हलवत होता. डोक्याला रुमाल, तो कानांवरून खाली ओढून बांधलेला.

"मुकादम, तुम्ही तेवढे राहिलात."

"मला काय झालंय?"

"कानाला काय झालंय ते मला ठाऊक आहे. तुमचं कार्डही तुमच्याच हातात देणार आहेत. ऑफिसला कळणार नाही."

"नोकरीला भ्यालो असं वाटतंय व्हय तुम्हाला?" त्यानं दांडा कढईच्या कडेला टेकवला. "दोन वर्षं राहिली माझी. गेली तर गेली."

"मग का येत नाही?"

कढईत एक बुडबुडा फुगला, फुटला.

"सिस्टर, तुम्ही सकाळी मधे उभं राहून सांगितलं, पाकीट मी नेलं म्हणून. तुम्ही कागद नेला. मी माणसं नेली." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "त्या तिघांना फोटोच्या गाडीत चढायचंच नव्हतं. शिदगोंडा तर पळून संडासात जाऊन बसला हुता. मी हाताला धरून आणला. म्हटलं, मी हाय न्हवं, कोण काय करतंय बघू. आणि पत्रं आली त्या दिवशी शिदगोंडा माझ्याकडं आला. म्हटला, मुकादम, वर चला, साहेबाशी बोला. मी म्हटलं, कढई सोडून कसा येऊ?"

"मग?"

"मग काय. कढई हाताखालच्या नंदूनं पण सांभाळली असती की." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "त्यातला एक मातीत गेला. आता मी त्याच खुर्चीवर बसून माझा कान तेवढा वाचवून घ्यायचा? न्हाई सिस्टर. जे व्हायचं ते होऊ दे."

मला राग आला. त्याचा आला, माझा स्वतःचाही आला.

"शिदगोंडानं चौदा वर्षं इथलाच धूर खाल्लाय," मी म्हणाले. "त्याला कोणी बोलावलंय का आज? त्याच्या अंगावर काय उठलंय, ते तुम्हाला माहीत आहे? तुम्ही न तपासता राहिलात म्हणून त्याला काय मिळणार?"

बाबालालनं मान वर केली.

"मी मालगावला जाते," मी म्हणाले. "तोवर डॉक्टरांना जाऊ देऊ नका."

माझ्याकडं लूना होती. मालगाव जवळच, पण ऊन असं होतं की रस्ता हलताना दिसत होता. दोन ठिकाणी विचारून पानमळा सापडला. आत शिरले आणि अंगावर गारवा आला. शेवरीच्या झाडांवर वेल चढवलेले, वरून नुसता हिरवा उजेड. शिदगोंडा वेलावरची पानं खुडून टोपलीत टाकत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"काय काम काढलं, सिस्टर? परत फोटो काढायचाय?"

"बाही वर करा," मी म्हणाले.

"काय?"

"बाही. वर करा."

माझ्या बोलण्याचा त्याला काय अर्थ लागला कोण जाणे, पण त्यानं बाही वर केली. मनगटाच्या वर सुपारीएवढा खडबडीत मोड होता. शेजारी आणखी दोन, बारीक.

मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, कार्डांचं, बाबालालच्या कानाचं. बाबालाल काय म्हणाला तेही सांगितलं, एक शब्द न वगळता. शिदगोंडानं टोपलीतली पानं सारखी केली. पुन्हा एकदा सारखी केली.

"कारखान्याच्या दारात मी पाय ठेवणार न्हाई."

"डॉक्टरांना फाटकाबाहेर आणते."

"न्हाई. त्याला म्हणावं, त्यानं यावं. त्या दिवशी मी त्याच्याकडं गेलो हुतो. आज त्यानं माझ्याकडं यावं. मग मी हात दाखवतो."

मी परत लूना मारली. कारखान्यात पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. डॉक्टर बॅग भरून स्कूटरजवळ उभे होते आणि बाबालाल त्यांच्यासमोर, वाट अडवल्यासारखा. मी शिदगोंडाचा निरोप सांगितला.

बाबालालनं हातमोजे काढले. आत वळून हाक मारली, "नंद्या, कढई बघ!" आणि पाळी संपायला दोन तास असताना फाटकाकडं चालू लागला. पहारेकऱ्यानं वहीत काय लिहू म्हणून विचारलं. "लिही, मुकादम बाहेर गेला," बाबालाल म्हणाला.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, एक सुस्कारा सोडला. "बसा मागं," ते त्याला म्हणाले. मी लूनावरून मागोमाग निघाले.

मळ्याच्या बांधावर शिदगोंडा उभा होता. स्कूटर थांबली, बाबालाल उतरला. दोघांमध्ये चार-पाच हातांचं अंतर राहिलं. बाबालालनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. रुमालाला रक्ताचा डाग होता.

"त्या दिवशी मी वर जायला पायजे हुतं," तो म्हणाला. "गेलो न्हाई. भ्यालो."

शिदगोंडा त्याच्या कानाकडं बघत होता. "किती दिवस झालं ह्याला?"

"झालं असतील सात-आठ महिनं."

"आणि गप बसलास?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "बायकोला तरी सांगितलंस काय? डॉक्टर, आधी ह्याचं बघा."

"आधी त्याचा हात बघा, डॉक्टर," बाबालाल म्हणाला.

"दोघांचंही बघतो," डॉक्टर म्हणाले, "पण इथं सावलीत मला काही दिसत नाही. उजेडात या."

दोघं बांधावरून पुढं उन्हात आले. डॉक्टरांनी भिंग काढलं. शिदगोंडाच्या हातावरचे मोड त्यांनी बोटानं दाबून, उलटसुलट करून बघितले. "हे आजच्या आज काही करणार नाहीत. पण काढायचे. राहिले तर पुढं बिघडू शकतात." मग ते बाबालालच्या मागं गेले. कान पुढं दुमडून बराच वेळ बघत राहिले. मानेवर, जबड्याखाली बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो काही चांगलं सांगत नव्हता.

"मुकादम, हे कापायचंय. कानाचा काही भाग जाईल. तुकडा तपासला म्हणजे नक्की कळेल, पण मी अंदाजानं बोलत नाहीये."

"आणि न्हाई कापलं तर?"

"अजून मानेतल्या गाठींत उतरलेलं दिसत नाही. म्हणून तर घाई करायची. सोमवारी या."

"सोमवारी पाळी हाय."

"पाळी गेली खड्ड्यात," शिदगोंडा म्हणाला. "मी घिऊन येतो ह्याला."

संध्याकाळी डॉक्टरांचा कागद मी घैसासांच्या टेबलावर ठेवला. तपासले बहात्तर, उपचार हवेत दहा जणांना. त्यांनी कागद उलटून मागं बघितलं.

"नावं?"

"माझ्याकडं नाहीत."

"सिस्टर, कार्डं तुम्ही लिहिलीत."

"लिहिली होती. ती ज्याची त्यानं नेली."

"याचा परिणाम काय होईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणाले. आणि खरंच माहीत होतं. जूनमध्ये माझ्या कराराची मुदत संपली, ती वाढवली नाही. मी जतच्या बाजूला एका सरकारी केंद्रात लागले आणि तिथंच निवृत्त झाले. बाबालालचं आणि हातावर गाठ निघालेल्या त्या दुसऱ्या माणसाचं नाव निरीक्षकांकडं गेलं होतं, त्यामुळं कंपनीला दोघांना घालवता आलं नाही. त्यांना स्टोअरमध्ये त्याच पगारावर बसवलं. कढयांवर झाकणं आणि धूर ओढणारे पंखेही आले, पण त्याला पुढं दीड वर्ष लागलं. शिदगोंडाला कंपनीनं परत घेतलं नाही. त्यानं मागितलंही नाही.

पण तो सोमवार मला सगळ्यांत जास्त आठवतो. मी रजा टाकून मिरजेला गेले होते. बाबालालची दोन्ही मुलं पुण्याला, बायकोचे गुडघे धरलेले. शिदगोंडा पहाटेच त्याच्या दारात जाऊन बसला होता. त्याच्या स्वतःच्या हाताला पट्टी होती. डॉक्टरांनी आदल्या दिवशी, रविवारी, मुद्दाम वेळ काढून त्याचे मोड काढले होते.

बाबालालला आत नेलं. दीड तासानं बाहेर आणला, अर्धं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत. शुद्धीत होता, पण बोलू नका म्हणून सांगितलं होतं. शिदगोंडानं त्याच्या पायांवरचं पांघरूण ओढून नीट केलं आणि खाटेच्या कडेला उभा राहिला.

वॉर्डातली नर्स फॉर्म घेऊन आली. तरुण पोरगी, घाईत होती.

"पेशंटबरोबर रात्री कोण राहणार?"

मी पुढं होणार तेवढ्यात शिदगोंडा म्हणाला, "मी."

"नाव?"

"शिदगोंडा बाळगोंडा मगदूम."

तिनं फॉर्मकडं बघितलं, खाटेवरच्या बाबालाल नदाफकडं बघितलं, आणि पेन रकान्यावर टेकवून विचारलं, "पेशंटशी नातं?"

शिदगोंडा अडखळला. खाटेवर बाबालालनं डोळे उघडले होते. तो शिदगोंडाकडं बघत होता.

"लिहा," शिदगोंडा म्हणाला, "एका खात्यातले."